मानसचिकित्सक, वृद्धावस्थेतील
उतारवयातही मानसचिकित्सेचा व्यवसाय चालू ठेवणारे चिकित्सक. मानसचिकित्सेत चिकित्सकाचे लक्षपूर्वक ऐकणे, स्मृती, संयम आणि रुग्णाशी जुळलेले नाते हीच मुख्य साधने होत. शरीरबळावर हे काम फारसे अवलंबून नसल्याने व खाजगी व्यवसायास निवृत्तीच्या वयाचे बंधन नसल्याने अनेक चिकित्सक सत्तरीनंतरही रुग्ण पाहतात.

मनोविश्लेषणाचे प्रवर्तक सिग्मंड फ्रॉइड (१८५६–१९३९) हे याचे ठळक उदाहरण होय. १९२३ मध्ये त्यांच्या मुखात कर्करोग आढळला. त्यानंतर तीसहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या व बोलणे कष्टाचे झाले. तथापि त्यांनी व्हिएन्नातील व्यवसाय थांबविला नाही. १९३८ मध्ये नाझी राजवटीमुळे लंडनला स्थलांतर केल्यावरही ते रुग्ण पाहत. ऑगस्ट १९३९ मध्ये त्यांनी व्यवसाय बंद केला व २३ सप्टेंबर रोजी ते निधन पावले.

दीर्घ अनुभवामुळे वृद्ध चिकित्सकाच्या ठिकाणी परिपक्वता व सहनशीलता येते. आप्तवियोग, आजार व मृत्युभय यांविषयीचे रुग्णाचे बोलणे त्याला स्वानुभवाने कळते. उलटपक्षी श्रवणशक्ती व स्मृती मंदावल्यास रुग्णाने पूर्वी सांगितलेले दुवे निसटतात. ही घट प्रथम स्वतःच्याच लक्षात येईल असे नाही. रुग्णही आदरापोटी किंवा चिकित्सकाला दुखवू नये म्हणून मौन पाळतो. उपचार चालू असताना चिकित्सकाचा मृत्यू झाल्यास, विशेषतः पूर्वी आईवडिलांचा वियोग सोसलेल्या रुग्णास, जुनाच आघात पुन्हा सोसावा लागतो.

यास्तव सहव्यवसायिकांशी नियमित विचारविनिमय, नवे दीर्घकालीन उपचार न स्वीकारणे आणि निवृत्तीची पूर्वसूचना रुग्णास पुरेशी आधी देणे हे मार्ग हितावह ठरतात. अमेरिकन मानसशास्त्रीय संघटनेच्या २००२ च्या नीतिसंहितेनुसार आजार, मृत्यू वा निवृत्तीमुळे सेवा खंडित झाल्यास रुग्णाची सोय कशी होईल, याची योजना मानसशास्त्रज्ञाने आधीच करावयाची असते. रुग्णांना कोणी कळवावे व नोंदी कोणी सांभाळाव्यात, हे नमूद करणारे व्यावसायिक इच्छापत्र काही चिकित्सक करून ठेवतात. अमेरिकन चिकित्सक अर्व्हिन यालोम (जन्म १९३१) यांनी स्मृती क्षीण होऊ लागल्यावर दीर्घ उपचार सोडून प्रत्येक रुग्णास एकाच बैठकीत भेटण्याची पद्धत स्वीकारली. व्यवसाय किती वर्षे करावा हे केवळ वयावरून ठरत नाही. रुग्णाचे हित हाच त्याचा निकष होय.