बी.कॉम. ऑनर्स : तीन वर्षांवर थांबायचं की चौथं करायचं?

जळगाव-धुळ्याच्या वस्त्यांत फिरताना कॉमर्सची मुलं आम्हाला हमखास विचारतात, बी.कॉम. आता चार वर्षांचं झालं का? तसं नाही. नव्या शैक्षणिक धोरणातही तीन वर्षं पूर्ण झाली की पदवी मिळतेच. चौथं केलं तर ती ऑनर्स होते. संलग्न कॉलेजांत 2024 ला प्रवेश घेतलेली मुलं 2027 मध्ये या वळणावर येतील.

ऑनर्सनंतर एम.कॉम. एका वर्षाचं. म्हणजे तीन अधिक दोन काय, चार अधिक एक काय, वर्षं पाचच! खरा फरक संशोधनात पडतो. संशोधनासह ऑनर्ससाठी पहिल्या सहा सेमिस्टरचे 75 टक्के लागतात. हे तिसऱ्या वर्षी कळून उपयोग नाही. चार वर्षांच्या पदवीत 75 टक्के असतील तर एम.कॉम. न करता पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा देता येते. अनुसूचित जातींना यात 5 टक्के सवलत आहे.

कॉमर्स म्हणजे टॅली आणि दुकानाचा हिशेब, असं आपल्याकडे अजून समजतात. बाबासाहेब 1918 मध्ये सिडनहॅम या कॉमर्स कॉलेजातच प्राध्यापक झाले होते.

घरी कमाईची घाई असेल तर तीन वर्षांवर थांबण्यात कमीपणा नाही, एम.कॉम. पुढेही करता येतं. मात्र प्रवेश घेतानाच विचारा, चौथं वर्ष याच कॉलेजात आहे का? साक्रीच्या मुलीला त्यासाठी जळगावला राहावं लागलं तर फीपेक्षा खोलीभाडं जड जातं. शासकीय वसतिगृह मिळालं नाही तर अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा.