घरांतला बोका आणि अर्धवट शस्त्रक्रिया

सर्व कुटुंबानें मिळून वाचावयाच्या मासिकांत हा विषय घ्यावा कीं नाहीं, याचा आम्हीं आठवडाभर विचार केला. परंतु ज्या घरांत बोका आहे त्या घरांत हा प्रश्न आज ना उद्यां उभा राहणारच. आणि संकोचामुळें तो वेळीं न बोलला गेल्यास त्याची शिक्षा एका मुक्या जिवाला भोगावी लागते. म्हणून आमच्याच घरीं घडलेली हकीकत वाचकांपुढें ठेवितों.

आम्ही मुलुंडला राहतों. गेल्या श्रावणांत आमच्या इमारतीच्या जिन्याखालीं एक पिवळें पिल्लूं पावसांत भिजून ओरडत होतें. धाकट्या नातीनें तें टॉवेलांत गुंडाळून वर आणलें, आणि दोन दिवसांपुरता आलेला हा पाहुणा 'सोन्या' या नांवानें घरचाच होऊन बसला. कार्तिकांत, तो चारएक महिन्यांचा झाल्यावर, थोरल्या सूनबाईंनीं त्याला खच्ची करून आणण्याची गोष्ट काढली. आमच्या वहिनी, म्हणजे घरांतील सर्वांत वडील माणूस, लागलीच म्हणाल्या, "भाऊजी, मुक्या जिवाला कशाला दुखवतां? तळतळाट लागेल." आम्हीं म्हटलें, "वहिनी, तळतळाट लागायचा तो पिलांचा लागेल. याच जिन्याखालीं दर पावसाळ्यांत किती पिलें मेलेलीं पाहिलीं, तें तुम्हीच सांगा." वहिनी कांहीं बोलल्या नाहींत.

पशुवैद्यांनीं सोन्याला तपासून सांगितलें कीं, एकच वृषण पिशवींत उतरलें आहे. दुसरें हाताला लागत नाहीं. गर्भावस्थेंत वृषणें मूत्रपिंडांजवळ तयार होतात आणि तेथून जांघेच्या वाटेनें खालीं येतात. मांजरांत हा प्रवास बहुधा जन्माच्या सुमारासच पुरा होतो, व दोन महिन्यांच्या पिलांत तीं सहसा हाताला लागतात. क्वचित् एखादें पोटांत किंवा जांघेंत अडकून राहतें. तथापि सहा-आठ महिन्यांपर्यंत वाट पाहून मगच निदान पक्कें करितात. संस्कृतांत वृषणाला 'मुष्क' म्हणतात, आणि भाषाशास्त्रज्ञ त्याचा संबंध 'मूष' म्हणजे उंदीर या शब्दाशीं जोडतात. आमच्या बोक्याचा एक उंदीर बिळांतच दडून बसला होता, असें म्हणावयास हरकत नाहीं!

पुढें कोणाच्या सांगण्यावरून आम्ही दुसऱ्या एका दवाखान्यांत गेलों. तेथें मत पडलें कीं, जें दिसतें तेवढें काढून टाकूं; आंतलें निरुपयोगीच असतें. काम अर्ध्या तासाचें, खर्चही थोडा. पेन्शनरास हा सल्ला गोड वाटला, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. परंतु पहिल्या वैद्यांना विचारलें तेव्हां त्यांनीं जें समजाविलें, तेंच या लेखाचें सार आहे. पोटांतल्या उष्णतेमुळें दडलेल्या वृषणांत बीज तयार होत नाहीं, हें खरें. पण नरपणाचा अंतःस्राव तेथून रक्तांत मिसळतच राहतो. म्हणजे संतति होणार नाहीं, आणि बोक्याचे गुण मात्र सारे कायम राहतील: भिंतीवर उग्र वासाची फवारणी, रात्रीची भटकंती, मारामाऱ्या आणि त्यांतल्या चाव्यांतून जडणारे रोग. शिवाय पुढें दुसऱ्या वैद्यानें रिकामी पिशवी पाहिली, तर शस्त्रक्रिया पुरी झाली आहे असाच त्याचा समज होणार. ज्या प्राण्याला असें जन्मतः असतें, त्याच्यापासून पैदास करूं नये असेंही सांगतात. कारण हा दोष आनुवंशिक मानला जातो.

पौषांत हे गुण आमच्या घरीं प्रत्यक्ष दिसूं लागले. प्रथम दाराची चौकट, मग आमच्या जुन्या पुस्तकांचा गठ्ठा, आणि एके दिवशीं देवघराचा उंबरा. त्या रात्रीं थोरले चिरंजीव संतापून म्हणाले, "उद्यां पोत्यांत घालून ऐरोलीच्या पुलापलीकडे सोडून येतों." नातीनें हें ऐकलें. ती रडली नाहीं. आपली गादी ओढून सोन्याच्या टोपलीशेजारीं निजली, आणि सकाळीं वडिलांनीं हांक मारिली तरी उठेना. आम्हीं चिरंजीवांकडे माघापर्यंतची मुदत मागितली. घरांतल्या वडिलांनीं मुलाकडे मुदत मागावी, हा प्रसंग आमच्यावर प्रथमच आला!

माघांत सोनोग्राफी झाली व दिवस ठरला. वैद्यांनीं दडलेलें वृषण आधीं शोधलें. याचें कारण ध्यानांत ठेवण्याजोगें आहे: तें न सांपडल्यास बाहेरचें तसेंच ठेवावें, म्हणजे काम अपुरें असल्याची खूण राहते. मूत्राशयाजवळ तें मिळालें, लहानसें, पुरतें न वाढलेलें. आणि मग दुसरेंही काढलें. पोट उघडावें लागल्यानें नेहमींपेक्षां जखम मोठी व जपणूक अधिक. टांके चाटूं नयेत म्हणून गळ्यांत शंकूसारखी पट्टी घालून सोन्या कांहीं दिवस खुर्च्यांना धडकत फिरला. अंगांतला स्राव ओसरण्यास कांहीं आठवडे लागतात. चैत्र येईतों वास गेला, आणि फवारणीही थांबली. सर्वांचेंच असें होतें असें नाहीं. संवय मुरल्यावर उशीर केला तर ती राहूंही शकते.

मुंबईकरांना ही विद्या नवी नाहीं. परळचें पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ पासून चालूं आहे. कुत्र्यांच्या जनननियंत्रणाचे केंद्र सरकारचे नियम २००१ सालीं झाले, आणि २०२३ च्या नव्या नियमांत मांजरांचाही समावेश झाला. म्हणजे आपण घरीं जें करितों, तेंच रस्त्यावरील मांजरांसाठीं करणें हेंही आतां शासनानें कार्य मानलें आहे.

वाचकांस आमची विनंति एवढीच. पिल्लूं दोन महिन्यांचें झालें कीं वैद्यांकडून तपासून घ्यावें. एक कमी भरल्यास घाबरूं नये, वाट पाहावी. मात्र स्वस्त पडतें म्हणून अर्धें काम करवूं नये. आणि शस्त्रक्रियेनंतर टोपली उचलण्यापूर्वीं वैद्यांना एकच प्रश्न विचारावा: "दोन्ही निघालीं ना?"

वहिनी आतां सोन्याचें वजन वाढतें आहे म्हणून सूनबाईंना बोलतात, आणि दुपारीं तो त्यांच्याच मांडीवर निजलेला असतो.