एका ग्रंथाचें पुनर्वाचन

मोठ्या ग्रंथाचीं बहुधा दोन रूपें असतात : एक ग्रंथकारानें लिहिलेलें, व दुसरें त्याच्या भाष्यकारांनीं रूढ केलेलें. पुष्कळ वेळां दुसरेंच अधिक वाचलें जातें. अर्थशास्त्रांतील याचें एक बोधप्रद उदाहरण आम्ही विद्यार्थ्यांपुढें ठेवीत आहों.

१९३३ सालीं अमेरिकेंतील कामकऱ्यांपैकीं सुमारें चौथा हिस्सा बेकार होता. यंत्रें होतीं, हात होते, आणि भूकहि होती. मग काम कां नव्हतें? इंग्रज अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांनीं १९३६ सालीं ‘जनरल थिअरी’ या ग्रंथांत त्याचें उत्तर दिलें. पुढील वर्षींच जॉन हिक्स यांनीं त्याचें सार दोन छेदणाऱ्या रेषांच्या आकृतींत बसविलें. पुढें पाठ्यपुस्तकांतून असें शिकविण्यांत येऊं लागलें कीं, मजुरीचे दर खालीं येत नाहींत म्हणून बेकारी टिकते. म्हणजे दोष जणूं मजुराच्या हट्टाचा ! आम्हींहि विद्यार्थिदशेंत ती आकृति पाठ करून गुण मिळविले. मूळ ग्रंथ मात्र उघडला नाहीं.

तो ज्यांनीं बारकाईनें उघडला, ते अॅक्सेल लेयोनहुफ्वुद होत. यांचा जन्म १९३३ सालीं स्वीडनमध्यें झाला. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठांत अध्यापक असतां १९६८ सालीं त्यांनीं आपलें पुस्तक प्रसिद्ध केलें. केन्सवाद्यांचें अर्थशास्त्र निराळें व केन्सचें निराळें, हें त्याचें प्रतिपाद्य. मजुरी उतरविल्यानें बेकारी हटेलच असें नाहीं, हें केन्सनीं स्वतःच लिहून ठेविलें होतें.

समजा, जोड्यांच्या कारखान्यांतील मजूर कामावरून निघाला. त्यास पाव हवा आहे, व त्याबद्दल श्रम देण्यास तो तयार आहे. तिकडे भटारखान्यांतील मजूरहि रिकामा असून त्यास जोडे हवे आहेत. एकाची गरज तेंच दुसऱ्याचें काम ! परंतु पाववाला श्रम घेत नाहीं, पैसा घेतो. आणि पैसा मजुरीवांचून येत नाहीं. म्हणून दोघांची मागणी बाजाराच्या कानीं पडतच नाहीं. दोष दोघांचाहि नसून, निरोप पोंचविणारी व्यवस्थाच खुंटलेली असते.

१९७३ सालीं त्यांनीं आणखी एक विचार मांडला. धक्का लहान असल्यास घरची शिल्लक व दुकानांतील माल यांवर लोक निभावून नेतात, आणि बाजार आपोआप सांवरतो. धक्का मोठा बसून शिल्लक आटली, कीं एकाची काटकसर ती दुसऱ्याची उपासमार होते. मग बाहेरून आधार द्यावा लागतो. २००८ च्या आर्थिक संकटानंतर या विचाराकडे विद्वानांचें लक्ष पुन्हां वळलें.

उत्तर आयुष्यांत ते इटलींतील त्रेंतो विद्यापीठांत शिकवीत असत. २०२२ सालीं त्यांचें निधन झालें. त्यांनीं लाविलेला केन्सचा अर्थ सर्वांस मान्य झाला नाहीं. तथापि मूळ ग्रंथाकडे पुन्हां पाहणें अनेकांस भाग पडलें.

वर्गांत आमच्यासमोर एखादा असा मुलगा बसलेला असतो, कीं ज्याच्या वडिलांचें काम सुटलें आहे. त्याच्यासमोर अर्धवट वाचलेली आकृति काढून, नकळत त्याच्या वडिलांस दोषी ठरविण्याचा आम्हांस काय अधिकार ? विद्यार्थ्यांनो, सारांश जरूर वाचा. परंतु त्यावरून कोणाचा न्याय करण्यापूर्वीं मूळ ग्रंथ उघडा.