आधी भाकर, मग बोल

इर्शाळगडाच्या उतारावर, चौक गावाच्या वरच्या अंगाला, ठाकूर समाजाची इर्शाळवाडी होती. तिथवर गाडीरस्ता नव्हता. बाजार, दवाखाना, रेशन सगळं पायवाटेनं. १९ जुलै २०२३च्या रात्री पाऊस कोसळत असताना डोंगर सुटला आणि झोपलेली वाडी मातीखाली गेली. मदतीला निघालेली माणसं अंधारात चिखल तुडवत चालत वर पोचली. मोठी यंत्रं वर नेता येईनात, तेव्हा कुदळ-फावड्यांनी माती उपसली. २३ जुलैला शोध थांबला. तोवर २७ मृतदेह हाती आले होते. ५७ माणसं सापडलीच नाहीत. आश्रमशाळेत असल्यामुळे काही मुलं वाचली, पण त्यांची घरं आणि घरातली माणसं राहिली नाहीत.

कर्जत-खालापूरच्या डोंगरपट्ट्यात गावागणिक एखादी ठाकुरवाडी आहे. पाणी आणायचं, मोळी बांधायची, पावसाळ्यात रानभाजी खुडून बाजार गाठायचा, चूल सांभाळायची. वाडीचा दिवस बाईच्या पायांवर चालतो. अशा बाईचं माणूस मातीत गेलं आणि त्याचं तोंडही पाहायला मिळालं नाही, तर दिवस कधी घालायचे आणि पाणी कुठे सोडायचं? अमेरिकी अभ्यासक पॉलीन बॉस यांनी १९७०च्या दशकात या दुःखाला वेगळं नाव दिलं. त्याला मराठीत अनिश्चित वियोग म्हणता येईल. माणूस गेलं हे डोक्याला कळतं. हाताला मात्र काहीच लागलेलं नसतं, म्हणून मन दारातच उभं राहतं.

ख्रिस्ती शुभवर्तमानातही दारात उभी राहिलेली अशी एक बाई आहे. मरीया मग्दालीया पहाटेच्या अंधारात येशूच्या कबरीपाशी येते, तर आत देह नाही. तिचं रडणं साधं आहे: त्याला कुठे ठेवलंय ते तरी सांगा. पुनरुत्थानाची बातमी जगात सर्वांत आधी जिला मिळाली ती ही रडणारी बाई. आधी तिला का रडतेस असं विचारलं गेलं, आणि मग तिचं नाव घेऊन हाक मारली गेली. उपदेश झाला नाही. नावानं मारलेल्या हाकेनंच ती वळली.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करायला हवी. इर्शाळवाडीच्या लोकांना स्वतःचे देव आहेत, स्वतःच्या रीती आहेत. त्यांच्या दुःखाचं निमित्त करून कुणी त्यांना धर्म शिकवायला जाऊ नये. इथे प्रश्न वेगळा आहे. मराठी मुलुखात ख्रिस्ती माणसांना बायकांच्या दुःखाशेजारी बसण्याचा दोनशे वर्षांचा अनुभव आहे. त्यात काय उपयोगी ठरलं, काय चुकलं, आणि कुठल्याही वाडीत, कुठल्याही धर्माच्या घरात उपयोगी पडेल असं त्यातलं काय आहे?

रतामाच्या झुडपाखाली

जीव शिणलाय, कशात मन लागत नाही, अंगात त्राण नाही. बायका हेच शब्द वापरतात. बायबलमध्ये या अवस्थेचं सर्वांत स्वच्छ चित्र एका पुरुषाचं आहे. एलीया संदेष्टा मोठी लढाई जिंकून आलेला असतो. ईजबेल राणी जिवावर उठते, तेव्हा तो पळत सुटतो, रानात एका रतामाच्या झुडपाखाली बसतो आणि देवाकडे मरण मागतो. मग झोपी जातो. देवदूत येतो तो प्रवचन घेऊन येत नाही. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा तांब्या असतो. एलीया खातो, पुन्हा झोपतो. देवदूत पुन्हा उठवतो, पुन्हा खायला घालतो, कारण पुढची वाट त्याला झेपणारी नाही. देवाचा मंद आवाज पुढे कित्येक दिवसांनी येतो, आणि त्यानंतर त्याला अलीशा हा सोबती मिळतो. अन्न, झोप, मग शब्द, मग सोबत, असा त्या कथेचा क्रम आहे.

मराठी घरांना हा क्रम अनोळखी नाही. माणूस गेलेल्या घरी चूल पेटत नाही, आणि शेजारणी पिठलं-भाकरी घेऊन येतात. त्याला आपण कडू घास म्हणतो. रूथच्या पुस्तकातली नामी परदेशात नवरा आणि दोन्ही मुलगे गमावून बेथलेहेमला परतते, तेव्हा गावच्या बायकांना सांगते की मला आता मारा म्हणा. मारा म्हणजे कडू. त्या बायका तिला गप्प करत नाहीत. तिची विधवा सून रूथ शेतात सरवा वेचायला जाते, आणि घरात जव येतात. नामीचं सांत्वन त्या धान्यापासून सुरू होतं.

सांत्वन बिघडतं कसं तेही बायबलमध्ये आहे. ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ न बोलता बसतात, तोवर सगळं ठीक असतं. बोलायला लागतात तेव्हा बिघडतं, कारण ते दुःखाचा हिशेब मागतात. मूल व्हावं म्हणून मंदिरात ओठ हलवत रडणाऱ्या हन्नेला एली याजक दारू प्यालेली समजतो. १५० स्तोत्रांपैकी जवळजवळ एक तृतीयांश विलापाची आहेत. त्यांत देवाला जाब विचारलेला आहे. तरीही एखादी बाई चर्चमध्ये रडली तर तिचा विश्वास कमी पडला असं म्हणणारे आजही भेटतात. मारहाण सोसणाऱ्या बाईला क्षमा कर आणि घरी जा असं सांगितलं जातं. औषधाच्या गोळ्यांऐवजी फक्त उपास-प्रार्थना सुचवली जाते. हे ईयोबाच्या मित्रांचंच बोलणं आहे आणि त्यानं बायकांचं नुकसान झालेलं आहे.

पाच मरणं आणि एक शेत

पंडिता रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८चा. १८७४मध्ये, दुष्काळाच्या हालात, काही महिन्यांच्या अंतरानं वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई लक्ष्मीबाई आणि थोरली बहीण गेली. १८८०मध्ये भाऊ श्रीनिवास गेला. १८८२च्या फेब्रुवारीत पती बिपिन बिहारी मेधावी गेले. रमाबाई तेव्हा २३ वर्षांच्या होत्या आणि मुलगी मनोरमा वर्षाचीही नव्हती. त्याच वर्षी त्यांनी पुण्यात आर्य महिला समाज काढला. पुढच्या वर्षी त्या इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ला त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

दुःखी बाईसाठी रमाबाईंनी काय केलं? जागा केली. ११ मार्च १८८९ला मुंबईत शारदा सदन उघडलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला हलवलं. विधवांना तिथे राहायला, शिकायला मिळे आणि आपला आचार पाळण्याची मोकळीक असे. १८९३मध्ये धर्मांतराच्या आरोपावरून वादळ उठलं. रानडे, भांडारकरांसारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. दुःखात असलेल्या माणसाच्या हाती धर्म ठेवावा का, हा प्रश्न तेव्हापासून मराठी समाजात जागा आहे, आणि तो जागा असणं योग्यच आहे. त्याच वर्षी सदनातल्या गोदूबाई या विधवेचा विवाह धोंडो केशव कर्वे यांच्याशी झाला, आणि १८९६मध्ये कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. धर्म न बदलताही शारदा सदनाचं काम असं पुढे गेलं.

१८९६-९७च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. उपाशी माणसाची भटकंती त्यांनी स्वतः सोसलेली होती. शेकडो मुली-बायका घेऊन त्या केडगावला आल्या. तिथल्या शेतावर मुक्ती सदन उभं राहिलं, आणि १९००च्या दुष्काळानंतर तिथे सुमारे दोन हजार जणी होत्या. तिथला दिवस कसा जात असेल हे कामांच्या यादीवरून कळतं: विहिरी, शेती, गोठा, तेलाची घाणी, माग, शिवण, छापखाना. अंध मुलींना ब्रेल शिकवलं जाई. फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपा सदन, म्हाताऱ्या आणि आजाऱ्यांसाठी प्रीती सदन अशी वेगळी घरं होती. भुकेनं हाडं उरलेल्या मुलीला आधी पेज, मग अंघोळ, मग झोप, आणि अंगात ताकद आली की हाताला काम. १९०५च्या जूनअखेर मुक्तीत प्रार्थनेची मोठी लाट आली आणि शेकडो मुली एकत्र, मोठ्यानं रडल्या. ज्यांना घरी रडायलाही बंदी होती, त्यांना मोठ्यानं रडता येणं ही लहान गोष्ट नव्हती.

रमाबाईंचं शेवटचं दुःख सर्वांत जड होतं. २४ जुलै १९२१ला मनोरमा गेली. कामाची वारस तीच होती. रमाबाई तेव्हा मराठी बायबलच्या भाषांतराची शेवटची दुरुस्ती करत होत्या. साध्या बाईला कळेल अशा मराठीसाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या होत्या, आणि छपाई मुक्तीच्याच मुलींच्या हातची होती. त्यांनी ते काम पुरं केलं आणि ५ एप्रिल १९२२ला त्या गेल्या. संपूर्ण बायबल १९२४मध्ये प्रसिद्ध झालं.

दुःख धर्मानंच दिलं तेव्हा

लक्ष्मीबाई टिळकांची गोष्ट उलट्या टोकाची आहे. त्यांच्या बाबतीत ख्रिस्ती धर्म आधी दुःख म्हणून घरात आला. १० फेब्रुवारी १८९५ला नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंचं घर मोडलं. नवरा जिवंत, पण नाहीसा झालेला. काही वर्षं त्या माहेरच्या, नात्यातल्या माणसांत राहिल्या. पुढे नवऱ्याकडे गेल्या, तरी लगेच त्याचा धर्म घेतला नाही. सोवळं-ओवळं त्यांच्या मनातून उतरलं ते स्वतःच्या विचारानं, हळूहळू. टिळकांनी त्यासाठी दिलेला वेळ हा त्या कथेतला मोठा धडा आहे. टिळक ९ मे १९१९ला गेले. शाळेचं तोंड न पाहिलेल्या या बाईनं पुढे ‘स्मृतिचित्रे’ लिहिलं. पहिला भाग १९३४मध्ये आला. वियोग, मुलांची मरणं, गरिबी सगळं त्यात आहे, आणि तरी वाचताना हसू येतं. आपलं दुःख आपल्याच बोलीत सांगता आलं की बाई त्याच्या ओझ्याखालून थोडी बाहेर येते, याचं याहून चांगलं उदाहरण मराठीत सापडणं कठीण आहे.

दुसऱ्यांना सांभाळणारी थकते तेव्हा

कामानं माणूस आतून रिकामं होतं, याची जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९मध्ये आपल्या आजार-वर्गीकरणात नोंद घेतली. त्याला आजार न म्हणता नोकरीच्या ठिकाणच्या ताणाचा परिणाम म्हटलं. पण घरच्या बिनपगारी कामाचं काय? २०१९च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती, पुरुषांची ९७. वाडीवरची बाई त्यात पाण्याची खेप धरते, आशा सेविका घरोघरच्या भेटी धरते. या थकव्याला रजा नाही.

सेवेत आयुष्य घालवणाऱ्यांनाही हे चुकलेलं नाही. मदर तेरेसांची खासगी पत्रं २००७मध्ये पुस्तकरूपानं आली, तेव्हा जगाला कळलं की अनेक दशकं त्यांना प्रार्थनेत देवाची जवळीक जाणवत नव्हती. ती पत्रं वाचून कित्येक नन्स, परिचारिका आणि घरच्या आजाऱ्याचं करणाऱ्या बायकांना धीर आला असेल: आतून कोरडं वाटणं म्हणजे पाप नव्हे. येशू स्वतः गर्दी सोडून एकांतात जाई, वादळात नावेत झोपे. येशू घरी आला तेव्हा कामातच गुंतून राहिलेल्या बेथानीच्या मार्थेच्या गोष्टीत राबणाऱ्या बाईला कमी लेखायचं नाही. तिला बसायचीही मुभा आहे, असं त्यातून सांगायचं आहे. महिला मंडळाच्या प्रार्थनासभेत चहाची कपबशी धुणारी बाई रोज तीच असेल, तर मार्थेवरचं प्रवचन वाया गेलं.

उपदेशाआधी सोबत, याच वाटेनं आजचं चांगलं काम चाललं आहे. लंडनचे धर्मगुरू चॅड व्हारा यांनी तरुणपणी, आत्महत्या केलेल्या १४ वर्षांच्या मुलीचा दफनविधी केला होता. १९५३मध्ये त्यांनी चर्चच्याच फोनवर निराश माणसांचं ऐकून घेण्याची सेवा सुरू केली. तिथे धर्मोपदेशाला जागा नव्हती, फक्त ऐकणं होतं. आपल्याकडे १० ऑक्टोबर २०२२पासून सरकारची टेली-मानस सेवा आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्री मराठीतून बोलता येतं. दुःखाला मुदत नसते हे खरं. पण सहा महिन्यांनंतरही बाई रोज तितकीच तुटलेली असेल, कामाला हात लागत नसेल, तर डॉक्टरांना दाखवायला हवं, असं आजचं वैद्यक सांगतं. मरणाचा विचार बोलून दाखवत असेल तर एक दिवसही थांबू नये. चर्चमधल्या बहिणीनं तिच्यासोबत दवाखान्यात जाणं हीसुद्धा प्रार्थनाच आहे.

दिवाळीच्या आगेमागेच २ नोव्हेंबर येतो, ख्रिस्ती लोकांचा मृतांचा दिवस. वसईपासून पुण्यापर्यंत कबरींवर फुलं आणि मेणबत्त्या लागतात, आणि बऱ्याच चर्चमध्ये वर्षभरात गेलेल्यांची नावं मोठ्यानं वाचली जातात. आपल्या माणसाचं नाव दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला मिळावं, एवढीच तिथे बसलेल्या बाईची अपेक्षा असते.

तुमच्या ओळखीत एखादं घर असेल, जिथे माणूस गेल्यानंतरची ही पहिली दिवाळी आहे आणि आकाशकंदील लागलेला नाही. तिथे जा. जाताना जेवण न्या, आणि परत न्यायचं नाही अशाच भांड्यात न्या. गेलेल्या माणसाचं नाव घ्या. तासभर बसा. ती रडली तर रडू द्या, देवाच्या इच्छेचा विषय काढू नका. निघताना पाण्याचे दोन हंडे भरून ठेवा, किंवा तिच्या मुलांना दुपारभर तुमच्याकडे घेऊन या, म्हणजे ती झोपेल. आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा जा.