शिन्सेकींचा आकडा

माझी उमेदीची वर्षे बँकेत आकड्यांच्या संगतीत गेली. वरिष्ठांना हवा असलेला आकडा आणि खरा आकडा यांत केवढे अंतर असते, ते मार्चअखेरीला कळायचे. म्हणूनच अमेरिकेचे जनरल एरिक शिन्सेकी मला जवळचे वाटतात.

त्यांचा जन्म १९४२ चा, हवाई बेटांवरच्या जपानी वंशाच्या घरातला. अमेरिका तेव्हा जपानशीच लढत होती! व्हिएतनाममध्ये सुरुंगाने पावलाचा भाग गेला, तरी गडी हट्टाने लष्करात राहिला आणि १९९९ मध्ये लष्करप्रमुख झाला.

फेब्रुवारी २००३. इराकवर स्वारी ठरल्यातच जमा होती. युद्धानंतर तिथे किती सैन्य लागेल, असे सिनेटच्या समितीने विचारले. शिन्सेकी म्हणाले, काही लाख. सरकारला स्वस्तातले युद्ध हवे होते. दोनच दिवसांत संरक्षण उपमंत्री वुल्फोवित्झ यांनी तो अंदाज जाहीरपणे झिडकारला. जूनमध्ये शिन्सेकी निवृत्त झाले. पुढे इराक पेटले आणि २००७ मध्ये बुश यांना वीस हजारांहून अधिक जादा सैनिक धाडावे लागले. शिन्सेकींनी मात्र ‘बघा, मी म्हणालो होतो’ असा डांगोरा पिटला नाही.

२००९ मध्ये ओबामांनी त्यांना माजी सैनिकांच्या खात्याचे मंत्री केले. रुग्णाला चौदा दिवसांत डॉक्टर भेटावा, असे तिथे उद्दिष्ट होते. उद्दिष्ट आले की कागद रंगतात, हे कुठल्याही शाखाधिकाऱ्याला विचारा! फिनिक्सच्या रुग्णालयात प्रतीक्षायाद्या दडवल्याचे २०१४ मध्ये उघडकीस आले. ३० मे रोजी शिन्सेकींनी राजीनामा दिला. खालून आलेले अहवाल आपण खरे मानले, असे त्यांनी त्या दिवशी सांगितले.