चांदीचा टंका, पितळेचा टंका

दिल्लीचा सुलतान इल्तुत्मिश (कारकीर्द १२११ ते १२३६) याने रूढ केलेला चांदीचा टंका हे मध्ययुगीन उत्तर भारतातील भरवशाचे नाणे होते. वजन सुमारे ११ ग्रॅम, चांदी उत्तम प्रतीची आणि दोन्ही अंगांस अरबी लेख. राजाचे नाव कोणाचेही असो, सराफ ते तराजूत घालूनच स्वीकारीत असे. कारण नाण्याचे मोल त्याच्या धातूतच सामावलेले होते.

या समजुतीलाच मुहम्मद तुघलकाने धक्का दिला. इ. स. १३२५ मध्ये गादीवर आलेल्या या सुलतानास नाण्यांचा विलक्षण शौक होता. चांदीची टंचाई जाणवू लागताच त्याने टंक्याऐवजी सुमारे ९ ग्रॅम वजनाची ‘अदली’ काढून पाहिली. पुढे १३२९-३० च्या सुमारास तांब्या-पितळेची नाणी पाडून ती चांदीच्या टंक्याच्या मोलानेच घ्यावीत, असे फर्मान काढले. सुलतानाची आज्ञा पाळणारा ईश्वराची आज्ञा पाळतो, अशा आशयाचा मजकूरही त्यांवर कोरविला. यांतील काही नाणी आपल्या दौलताबादच्या टांकसाळीतील आहेत.

कल्पना खुळी मुळीच नव्हती. चीनमध्ये कुब्लाई खानाच्या कागदी नोटा चालल्या होत्या. इराणात मात्र १२९४ मध्ये तसाच प्रयोग फसला होता. दिल्लीत घोडे पेंड खाल्ले ते सुरक्षिततेपाशी. पितळ घरोघरी होते आणि कोणत्याही कुशल कारागिरास जमणार नाही असे या नाण्यात काही नव्हते. घराघरांत टांकसाळी निघाल्याचे इतिहासकार बरनी लिहितो. तो सुलतानाच्या दरबारातलाच, पण लेखणी तिखट. तेव्हा थोडी अतिशयोक्ती गृहीत धरावी. लोक सारा पितळेत भरू लागले आणि चांदी घरात पुरून ठेवू लागले.

सुमारे तीन वर्षांत सुलतानाने ही नाणी मागे घेतली. लहरीपणाबद्दल बदनाम असलेल्या या राजाने येथे मात्र शब्द पाळला, याची नोंद क्वचितच घेतली जाते. आणून दिलेल्या पितळी नाण्यांच्या बदल्यात खजिन्यातून सोने-चांदी मोजून देण्यात आली; त्यांत बनावट नाणीही बेसुमार खपली. परत आलेल्या पितळेचे ढीग तुघलकाबादेत डोंगरासारखे पडून राहिल्याचे बरनीने नमूद केले आहे.