फेडलेले कर्ज कागदावर उभे राहते तेव्हा

फेब्रुवारी २०२५ मध्ये अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूरची एक बातमी वर्तमानपत्रांत गाजली. जमत आलेले लग्न नवऱ्या मुलाच्या ‘सिबिल’वरून मोडले. कर्जाची नोंद आता बँकेच्या दारातून लग्नाच्या बैठकीपर्यंत आली आहे. मग ती नोंद खरी आहे की खोटी, हे आपण तपासायला नको का?

बँका, वित्त कंपन्या आणि महिलांच्या गटांना कर्ज देणाऱ्या संस्था आपल्या कर्जदारांची माहिती चार कंपन्यांना पाठवतात. २००० साली स्थापन झालेली सिबिल ही त्यांतली पहिली. इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि क्रिफ हाय मार्क या बाकीच्या तीन. हप्ते कसे भरले यावरून ३०० ते ९०० च्या दरम्यान गुण पडतात. गुण या कंपन्या देतात; पण मूळ माहिती कर्ज देणाराच लिहून पाठवतो, आणि चूक पुष्कळदा तेथेच होते.

केडगावहून रोज रेल्वेने पुण्याला जाणारा किंवा कुरकुंभच्या कारखान्यात राबणारा माणूस मोटारसायकल, मोबाईल हप्त्यावर घेतो. शेवटचा हप्ता भरला की विषय संपला असे त्याला वाटते. कागदावर मात्र कर्ज ‘चालू’च राहू शकते. एकाच नावा-आडनावाची दोन माणसे असली तर एकाचे कर्ज दुसऱ्याच्या माथी बसू शकते. केडगाव तरी एक कुठे आहे? दौंडचे वेगळे, अहिल्यानगरचे वेगळे! शिवाय आपण कोणाला जामीन राहिलो असू, तर तेही कर्ज आपल्या अहवालात दिसते.

यासाठी काय करावे?

१. प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल मोफत द्यायचा असतो. घरातील शिकलेल्या मुला-मुलींकडून तो कंपनीच्या संकेतस्थळावरून काढून घ्यावा.

२. नाव, जन्मतारीख, पॅन, पत्ता आणि प्रत्येक कर्जाची बाकी तपासावी.

३. चूक दिसल्यास ती कंपनी आणि कर्ज देणारी संस्था, दोघांकडे लेखी तक्रार करावी. हप्त्यांच्या पावत्या व कर्ज फिटल्याचा दाखला यांच्या प्रती जोडाव्यात. मूळ कागद देऊ नयेत. तक्रारीचा क्रमांक व तारीख जपून ठेवावी.

४. ३० दिवसांत निकाल लागला पाहिजे. त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम २६ एप्रिल २०२४ पासून लागू आहे.

५. तरीही दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. तेथे फी नाही, वकीलही लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. खरोखर थकलेला हप्ता तक्रारीने पुसला जात नाही. ‘पैसे द्या, सिबिल साफ करून देतो’ म्हणणाऱ्याच्या नादी लागू नये. थकबाकी कमी रकमेत मिटवली, तर अहवालात ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो आणि पुढचे कर्ज अडू शकते. जमेल तर पूर्ण रक्कम भरून खाते ‘बंद’ करून घ्यावे.

आया-बहिणींनो, घामाच्या पैशांनी फेडलेल्या कर्जाची पावती पत्र्याच्या पेटीत नीट जपा. मुलीच्या शिक्षणासाठी किंवा घरासाठी कर्ज मागायला जाल, त्या दिवशी तोच कागद तुमच्या बाजूने बोलेल.